बिना येसणीचा बैल

७ ऑगस्ट, गुरुवार

आर्वीच्या डॉक्टरीण बाईनं बीपी मोजलं अन् माझ्याकडे असं पाह्यलं जशी मशीन मीच बिघडवली. म्हणे मीठ कमी करा, लोणचं बंद करा अन् राग कमी करा. मीठ कमी करता येते, रागाचं काय करू म्हटलं. त म्हणे, रोज वहीत लिहून टाकत जा, डोक्यातून उतरते. फुकटचं औषध आहे म्हणून करून पाहते. आमच्या पोट्टीची, आचलची, मागच्या वर्षीची अर्धी कोरी वही सापडली.

त आजचा राग. घरी आली त सासूबाई ओसरीत फोन कानाले लावून लाडात आल्या होत्या. मी पायावर पाणीसुद्धा नाई घेतलं अन् सांगतात कशा, "रंजू येऊन राह्यली वं राखीले! पोळा करूनच जाईन म्हणते."

रंजू म्हणजे माझी नणंद रंजिता. जगासाठी 'रंजी'. वरातीत डीजेवर जे गाणं लागलं की म्हातारेही कंबर हलवतात, ते हिचं. अठराव्या वर्षी मुंबईले गेली, मग टीव्हीवर दिसली, मग सगळीकडेच दिसाले लागली. फक्त आमच्या घरी नाई दिसली. दोन वर्षांआधी मामंजी गेले. हिच्या गाण्याच्या क्लाससाठी ज्या बापानं नागपूरच्या खेपा घातल्या, त्याच्या तेराव्याले ही आली नाई. आचलच्या बाबानं फोन केला त म्हणे दुबईले कार्यक्रम आहे, विमान-गाडी काईच भेटत नाई. सासूबाई दिवसभर दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. ते मी पाह्यलं आहे, अन् मी मरेपर्यंत विसरणार नाई.

हे सगळं मी आजही बोलून दाखवलं. आचलचे बाबा म्हणाले, "जाऊ दे ना छाया," अन् बैलाकडे निघून गेले. तेराव्याची गोष्ट निघाली की ह्या माणसाले बैलच आठवतात.

९ ऑगस्ट, राखी

आली. पांढरी गाडी अन् मागं सामानाची दुसरी गाडी. आधी गाडीतून एक बूट उतरला, टोकदार, टाचेचा, गुडघ्याच्या जवळ जवळ, वर नक्षी काढलेली. मग दुसरा बूट. मग कंबरेचा पट्टा, त्याले आमच्या पोळपाटाएवढं बक्कल. अंगात चामड्याचं जॅकेट, बाह्यांना झालर. ऑगस्टच्या उकाड्यात! अन् डोक्यावर टोपी, दोन्ही बाजूनं वर दुमडलेली. सासूबाईनं ओवाळाले ताट आणलं त कुंकू लावाले जागाच सापडेना.

म्हणे आता तिले नाचाची गाणी नाई करायची. आता 'कंट्री' करायचं आहे. अमेरिकेत जाऊन आली. तिकडचे गुराखी लोकं गातात ते गाणं. ढोरं, माती, पाऊस, ट्रक, बायको सोडून गेली, असं. म्हटलं, कारंज्याच्या ढाब्यावर जाऊन बसायचं होतं ना, तिथं सगळेच हेच गात असतात, विमानाचं तिकीट वाचलं असतं. ती टोपी धरून खो-खो हसली.

तिच्यासोबत ऋतिक नावाचा मॅनेजर आहे. तो अंगणात फिरून प्रत्येक गोष्टीले 'ऑथेंटिक' म्हणते. शेणाच्या खड्ड्यालेही म्हणाला.

राखी बांधताना रंजिता म्हणाली, "दादा, नालवाडीच्या पुढचा रस्ता मी आज पाह्यला. दोन वर्षांनी." ह्यांच्या हातातला चहा बशीत अन् बशीतला धोतरावर. मले समजलं नाई. नालवाडी त वर्धेची, दोन वर्षांआधी ही वर्धेत कशाले आलती? गायिका आहे, काईबी बोलते.

११ ऑगस्ट, सोमवार

आज मॅडमले वाडीत जायचं होतं. वाडी म्हणजे आमची भाजीची, वांगं, भेंडी, ढेमसं, मिरची. म्हटलं चप्पल घाल. नाई. बूटच घालून गेली. काल रात्रीपासून पाणी पडून राह्यलं होतं, अन् आमची काळी माती पाव्हणा पाहत नाई. वांग्याच्या दुसऱ्याच सरीत एक पाय घोट्यावर रुतला. ओढला त पाय आला, बूट नाई आला. मोजा घालून चिखलात उभी, गुलाबी मोजा! ऋतिक म्हणे थांबा थांबा, व्हिडिओ घेतो.

मी कुदळीनं बूट काढून दिला. आत चिखल भरला होता. म्हणाली, "वहिनी, कसे आहेत बूट? खरं सांगजो."

म्हटलं, "बूट नाई वं, तेलाचे डबे आहेत. पायात घालून फिरून राह्यली."

"अन् टोपी?"

"टोपलं."

"अन् जॅकेट?"

म्हटलं पोळा व्हायचा आहे, आमच्या पवन्या बैलासाठी झूल आणायची राह्यली आहे, हीच देऊन टाक. त ती तोंडातल्या तोंडात काईतरी पुटपुटत गेली. टोपलं, डबे, झूल. टोपलं, डबे, झूल. अपमान झालेला माणूस असा गुणगुणते का? लाज नसली की असंच होते.

१३ ऑगस्ट, बुधवार

राग आचलचा. माझ्या पोट्टीनं आज ती टोपी घालून आरशात स्वतःकडे बोट रोखलं, बंदुकीसारखं. बारावीचं वर्ष आहे. म्हटलं काढ ते. त म्हणे, "आई, तू आत्यावर इतकी काऊन चिडते? ती तुही किती तारीफ करते."

"माझी?"

"म्हणते, वहिनीसारखं बोलणं मुंबईत विकत भेटत नाई."

विकत! यांना सगळं विकत घ्यायचंच सुचते.

आठवलं. मी लग्न होऊन आली तेव्हा ही पंधरा-सोळाची पोट्टी. चुलीजवळ येऊन मले चिडवे. तुमच्या गावाले रस्ता नाई, तुमच्या गावच्या बायांना पुरण नाई जमत. चिडवे, चिडवे, अन् मी तापून फाडकन दोन ओळी जुळवून उत्तर दिलं की खी-खी करत पळे अन् तिच्या दादाले सांगे. त्यातूनच ह्यांना पयली झडती भेटली. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या जोड्या गावच्या तोरणाखाली उभ्या झाल्या की माणसं झडत्या म्हणतात, चार-सहा ओळी, कोणाले चिमटा काढाचा, कोणाची टर उडवायची, अन् शेवटी सगळ्यांनी 'हर हर महादेव' म्हणायचं. सगळ्यात भारी झडतीले शेला. त्या वर्षी शेला ह्यांच्या खांद्यावर पडला अन् मग दरवर्षी पडतच गेला. धनंजयभाऊची झडती म्हणून पंचक्रोशीत नाव आहे. पेटीत शेल्यांचा ढीग लागला आहे. एकात मी चण्याची डाळ बांधून ठेवली.

मले काई त्याचं वाईट वाटत नाई. पोळ्या लाटता लाटता सुचते, सांगून टाकते, तेवढंच. तोरणाखाली बाया जात नाई. आमच्या घरच्या बायांनी दारात ताट घेऊन बैलांची वाट पाहायची. दुरून फक्त 'महादेव' ऐकू येते, शब्द नाई. शब्द त मले माहीतच असतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

समजलं ही काऊन आली ते. ऋतिकनं सांगितलं. पोळ्यालेच शूटिंग आहे, तोरणाखाली, आमच्या पवन्या-मोत्याच्या जोडीसोबत. मॅडम टोपी घालून जोडीसमोर उभ्या राहून कंट्री गाणार. भैयाजींनी, म्हणजे सरपंचांनी, होही म्हटलं. भोंगे वर्धेवरून येणार आहेत.

बापाचे बैल. मामंजी असते त त्यांनी स्वतः धरले असते कासरे. त्यांच्या मरणाले वेळ नव्हता अन् त्यांच्या बैलासोबत फोटो काढाले वेळ आहे.

बीपीची गोळी घेतली. काई उपयोग नाई. मग वेगळंच औषध सुचलं. यंदाची झडती हिच्यावर. पूर्ण. भर गावात, तिच्याच कॅमेऱ्यासमोर, तिच्याच भोंग्यातून. ह्यांच्या तोंडून असं वदवते की पुन्हा ह्या गावाकडे तोंड करणार नाई. ही गेली म्हणजे घर जाग्यावर येईन, आचल पुस्तकाजवळ येईन अन् सासूबाईले समजन की पोरगी कोण अन् सून कोण.

१८ ऑगस्ट, सोमवार

वांगे तोडता तोडता झाली.

टोपलं घातलं डोक्यात, डबे घातले पायात,
गुराख्याचं गाणं गाते, शेण नाई हातात.
झालर पाहून अंगावरची पवन्या म्हणे मोत्याले,
बिना येसणीचा बैल हा, आला कोण्या जत्रेले?

येसण नाकात नसली की बैल कोणाचाच नसते. हे तिले बरोबर लागन. पण अजून पाह्यजे तितकं बसलं नाई. अजून दोन ओळींचा एक जोड पाह्यजे. शेवटचा घाव.

दुपारी ती गोठ्यात गिटार घेऊन बसली होती. पवन्यासमोर वाजवत होती, तो रवंथ करत होता. गाणं इंग्रजी होतं का मराठी तेही समजलं नाई. मले पाहून थांबली. म्हणाली, "वहिनी, हे खोटं वाटते ना?"

म्हटलं, "मले काऊन विचारते? मी वांगेवाली बाई."

म्हणाली, "सगळं आहे वं ह्यात. गिटार आहे, ढोरं आहेत, माती आहे. पण कोणी कोणावर खरंच चिडलेलं नाई आहे."

म्हटलं चिडलेलं माणूस पाह्यजे असन त शोध म्हणा कुठं भेटते. अन् टोपली उचलून आली. चिडलेलं माणूस पाह्यजे म्हणते! येडपट.

२० ऑगस्ट, बुधवार

शेवटचा जोड झाला. सासूबाईचं तोंड डोळ्यासमोर आणलं अन् झाला.

बापाच्या तेराव्याले नाई भेटली गाडी,
फोटो काढाले पोळ्याचा बरी सापडली वाडी!

कितीकदा म्हणून पाह्यलं. एक शब्द हलत नाई. इतकी चांगली मी कधीच केली नव्हती. असं स्वतःच म्हणू नये, पण वहीच आहे, कोण वाचते.

२१ ऑगस्ट, गुरुवार, खांदशेकणी

संध्याकाळी बैलांचे खांदे शेकले. हळद अन् लोणी कोमट करून पळसाच्या पानानं मळलं, आज आवतण घ्या उद्या जेवाले या म्हटलं. रंजितानंही टोपी काढून मोत्याचा खांदा मळला. तो उभा राह्यला. हा बैल परक्या माणसाले हात लावू देत नाई. बैलही आजकाल टीव्ही पाहतात वाटते.

मग मी ह्यांना गोठ्यामागं बोलावून झडती सांगितली. पयल्या चार ओळीले हसले. पोट धरून हसले. शेवटचा जोड ऐकला अन् तोंड असं झालं जसं कोणी मुस्काटात मारली.

"हे मी म्हणणार नाई."

"काऊन?"

"बहीण आहे माझी."

"मामंजी बाप होते तिचे."

"छाया, त्या दोन ओळी काढ. बाकीचं म्हणतो."

म्हटलं, काढत नाई. खोटं आहे का त्यात काई? सांगा, खोटं आहे का? त खाली पाहून हातातलं पळसाचं पान चुरगाळाले लागले. लग्नाले इतकी वर्षं झाली, मी ह्यांना असं घाम फुटलेलं पाह्यलं नव्हतं. "मागच्या वर्षीचीच म्हणतो," म्हणाले, अन् बैलाकडे गेले. आत्ताच खांदे मळले, आता काय पाहायचं राह्यलं त्यांचं?

शिळी झडती म्हणणार. माझी सगळ्यात चांगली झडती गोठ्यामागं मरणार अन् लोकं शिळी ऐकणार.

२२ ऑगस्ट, पोळा

घाईघाईत लिहून राह्यली. अक्षर पाहा कसं आलं.

दुपारी बैल सजले. बाशिंग, घुंगरमाळा, नवी झूल. हे जोडी घेऊन गेले. मी अन् आचल पुरणपोळ्यावर. सासूबाई दारात ताट घेऊन. दरवर्षीसारखंच. पण यंदा तिच्या त्या वर्धेच्या भोंग्यांनी तोरणाखालचा एकेक शब्द आमच्या चुलीपर्यंत येऊन राह्यला होता. मी पयल्यांदाच ऐकत होती. एका म्हाताऱ्यानं मोबाइलची टर उडवणारी झडती म्हटली, एकानं भाव पडल्याची. मग ह्यांचा आवाज. मागच्या वर्षीची. दुसऱ्या ओळीवर अडकले. लोकांनी 'महादेव' म्हटलं ते असं, जसं वाढलं म्हणून जेवले. मागून कोणीतरी ओरडलं, "धनंजयभाऊचा पाण्याचा झरा आटला!" अन् सगळे हसले.

माझा झरा! आटला म्हणे!

हातातली पोळी तव्यावर तशीच टाकली. आचल म्हणे आई कुठं जाऊन राह्यली. सासूबाई म्हणाल्या, अवं पदर तरी नीट घे. मी पिठाच्या हातानं सरळ तोरणाखाली गेली.

भैयाजी आडवे आले. "अवं छाया, हे बायाचं काम नाई."

म्हटलं, "भैयाजी, वीस वर्षांपासून माझंच काम आहे. फक्त शेला यांच्या खांद्यावर पडते."

असं मी का म्हटलं मले माहीत नाई. ठरवलं नव्हतं. पोटातून आलं. सगळं गाव ह्यांच्याकडे पाहाले लागलं, अन् ह्यांनी मान हलवली. होय म्हणून. मग कोणी आडवं नाई आलं.

रंजिता जोडीसमोर उभी होती, टोपी, बूट, झालर. ऋतिकनं माइक पुढं केला. मी बाजूला सारला. मले माइक लागत नाई. मी तिच्या डोळ्यात पाहून म्हटली. टोपलं म्हटलं त लोकं हसले. डबे म्हटलं त जास्त हसले. बिना येसणीचा बैल म्हटलं त पोट्टे शिट्ट्या मारून राह्यले, अन् ती, रंजिता, सगळ्यात जास्त हसत होती, डोळे चमकत होते, जशी मी तिची आरतीच ओवाळून राह्यली. मले भल्ला राग आला. मग मी शेवटचा जोड सोडला.

बापाच्या तेराव्याले नाई भेटली गाडी.

हसू गेलं. सगळ्यांचंच गेलं. एखाद्यानं चेहऱ्यावरून पाणी फिरवावं तसं तिचं तोंड झालं. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती ह्यांच्याकडे पाहत होती. हे बैलाच्या खुराकडे पाहत होते. मी दुसरी ओळही म्हटली अन् 'हर बोला' म्हणून हात वर केला.

कोणीच नाई बोललं. इतकी माणसं, अन् नुसत्या पवन्याच्या घुंगरमाळेचा आवाज. बाईच्या झडतीले महादेव म्हणायचं का नाई, कोणाले समजेना. मले वाटलं जमीन फाटावी. तेव्हा रंजितानं टोपी काढली अन् एकटीनं, गळा फाटेस्तोवर, ओरडली, "हर हर महादेव!"

मग सगळे ओरडले. तो आवाज मी चुलीपाशी ऐकत होती तो नव्हे. हा अंगावर येते.

शेल्याचा मोठा घोळ झाला. झडती त हीच, यात कोणाले शंका नव्हती. पण परक्या बाईच्या खांद्यावर शेला कसा टाकाचा? भैयाजी शेला हातात घेऊन उभेच. शेवटी त्यांनी तो पवन्याच्या वशिंडावर टाकला. घरी ओवाळताना मी तिथून काढून घेतला. त्यात डाळ बांधणार नाई.

२३ ऑगस्ट, शनिवार

गेली. सकाळी पोट्टे 'घेऊन जा गे मारबत' ओरडत गावातून चालले होते, गावची ईडा-पीडा बाहेर काढून राह्यले होते, अन् हिची गाडीही त्याच वेळेस निघाली. मी मनात म्हटलं, बरोबर मुहूर्त सापडला.

जाताना पाया पडली. म्हणाली, "वहिनी, मले जे पाह्यजे होतं ते भेटलं." काय भेटलं? इतकं ऐकवलं, त्यात भेटाचं काय होतं? टोपी सासूबाईले देऊन गेली. ऊन लागत नाई म्हणून सासूबाई ती घालून मिरच्या तोडत होत्या. मी काई बोलली नाई. बोलून कोणाचं बीपी वाढवू?

आचल रडली. जेवण झाल्यावर स्वतःहून पुस्तक उघडलं. म्हणजे माझं म्हणणं खरं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

इतके दिवस वही उघडली नाई, राग यावा असं काई झालं नाई. सोयाबीन निघालं, बरं निघालं. आज आचलच्या मोबाइलवर रंजितानं गाणं पाठवलं. आधी गिटार, मग तारेचं एक टणटण वाजणारं वाद्य, मग ती गाते, गाव सुटलं, रस्ता सुटला. अन् मग मधातच सगळं थांबते अन् माझा आवाज येते. माझा! तोरणाखालचा, तसाच्या तसा, मागं पवन्याची घुंगरमाळ. अख्खी झडती. खाली लिहिलं आहे, झडती आणि आवाज: छाया.

गाणं काई खास नाई. चारदा ऐकलं.

सोबत तिचा निरोप होता. "वहिनी, दिवाळीनंतर हे सगळीकडे येईन. तेराव्याची ओळ ठेवू का काढू? ती तुही आहे. तू म्हणशील तसं."

मी आचलले सांगितलं, लिही, ठेव. खरं ते खरं.

आचलचे बाबा तिथंच बसले होते. उठून बैलाकडे गेले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

रंजिता आली नाई. पाट मांडून ठेवला होता सासूबाईनं. हे जेवले नाई. दुपारी मी जेवाले बोलवाले गेली त गोठ्यात पवन्याच्या गळ्याले हात टाकून उभे होते, अन् डोळ्यातून पाणी. मी घाबरली. म्हटलं छातीत दुखते का?

"ते गाणं येऊ देऊ नको, छाया."

मग सांगितलं. मामंजीच्या तेराव्याले ती निघाली होती. मुंबईवरून नालवाडीपर्यंत आली होती, तिच्या मैत्रिणीच्या घरी थांबली होती. तिथून ह्यांना फोन केला, दादा, येऊन राह्यली. अन् ह्यांनी म्हटलं येऊ नको. त्याच आठवड्यात तिचं एक आखूड कपड्याचं गाणं आलतं अन् भाऊबंद म्हणत होते, ती पोरगी आली त आम्ही तेराव्याच्या पंगतीले बसणार नाई. ती दोन दिवस नालवाडीले थांबली. हे पुन्हा नाईच म्हणाले. मग परत गेली. दुबई ह्यांनीच रचली. तिनं कोणाले सांगितलं नाई. आईलेही नाई. भावाची इज्जत जाईन म्हणून.

मग जे बोलाले लागली ते वहीतही लिहिण्यासारखं नाई. बैलही मागं सरकले. पण सगळं बोलून झाल्यावरही छातीवरचं वजन हललं नाई, कारण त्यातलं अर्धं माझंच होतं. भर गावात, माझ्या तोंडानं. अन् तिनं टोपी काढून महादेव म्हटलं.

घरात येऊन मी स्वतः फोन लावला. तिनं लगेच उचलला.

म्हटलं, "ती तेराव्याची ओळ काढ."

"काऊन वहिनी?"

माफ कर म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिथंच अडकलं, मोठी वहिनी आहे मी तिची. म्हटलं, "चाल बसत नाई. घाईत केली होती. दुसरी देते, लिहून घे."

"सांग."

अन् मी म्हटलं. जुळवावं नाई लागलं, गोठ्यातून घरात येईपर्यंत झालंच होतं.

बापाच्या तेराव्याले निघाली होती गाडी,
सख्ख्या भावानं फिरवली, गाठली होती नालवाडी.

तिकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"वहिनी," रंजिता म्हणाली, "हे गाण्यात कोणाच्या आवाजात टाकू? तू म्हणशील?"

"मी नाई म्हणत. तू पुढच्या पोळ्याले ये, टोपलं घालून ये, डबे घालून ये, कशीबी ये. ज्याचं आहे तोच म्हणन. तोरणाखाली, सगळ्या भाऊबंदांसमोर."

फोन ठेवला. हे दारात उभे राहून ऐकत होते. पांढरे पडले होते. मी काई बोलाच्या आधीच चप्पल शोधाले लागले, गोठ्याकडे निघाले.

म्हटलं, "बैलांनी पाणी पेलं, चारा खाल्ला. त्यांचं काई राह्यलं नाई. इकडे या, बसा, अन् पाठ करा."